शैक्षणिक कर्जाचा अनुभव: चार लाख घेतले, आठ लाख पासष्ट हजार फेडले

ऑगस्ट २०१२ ते मार्च २०२४. अकरा वर्षं सात महिने हे कर्ज माझ्या आणि आण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, नावावर होतं. आता फिटलं, बँकेचा बेबाकीचा दाखला कपाटात आहे. तेव्हापासून गावाकडून, सासरकडून आणि कंपनीतल्या मुलींकडून मिळून निदान वीस जणांनी मला एकच विचारलंय: इंजिनिअरिंगला लोन काढावं का? प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सगळं आकड्यांसकट लिहिते. बँकेचं आणि कॉलेजचं नाव घालत नाही. मला कुणाशी भांडायचं नाही, कर्जाबद्दल सांगायचंय.

आमचं गाव तासगाव तालुक्यात. दीड एकर द्राक्षबाग, दोन गाई आणि विकास सोसायटीचं पीककर्ज. २०१२ ला पावसाने दगा दिला होता आणि बाग टँकरवर जगवायची वेळ आली होती. त्याच वर्षी सीईटीत बरे मार्क पडून पुण्याजवळच्या एका खासगी कॉलेजात मेकॅनिकलला माझा नंबर लागला. फी वर्षाला ऐंशी हजार, वसतिगृह आणि मेस वेगळी. ईबीसीच्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांच्या, फी सवलतीला तेव्हा उत्पन्नाची मर्यादा एक लाख होती आणि तहसीलदारांचा आमचा दाखला निघाला एक लाख वीस हजारांचा. वीस हजारांनी सवलत गेली. म्हणून कर्ज.

कर्ज म्हणून बघितलं तर कागदावर ते खरंच चांगलं होतं. इंडियन बँक्स असोसिएशनची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना २००१ पासून आहे आणि सरकारी बँका साधारण त्याच चौकटीत कर्ज देतात. चार लाखांपर्यंत तारण नाही, बाहेरचा जामीनदार नाही, आपल्या पदरचा हिस्सा भरायची अट नाही. आई किंवा वडील सहकर्जदार झाले की पुरे. शिकत असताना हप्ता नाही. माझ्या वेळी नियम होता की शिक्षण संपल्यापासून एक वर्ष किंवा नोकरी लागल्यापासून सहा महिने, यातलं जे आधी येईल तेव्हा हप्ता सुरू. २०१५ नंतर हे सरसकट शिक्षण अधिक एक वर्ष झालं, आणि ते जास्त माणुसकीचं आहे. शेतकऱ्याच्या मुलीला जमीन गहाण न टाकता चार लाख रुपये देणारं दुसरं काहीही मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही माहीत नाही. हे आधी सांगते, कारण पुढे तक्रारी बऱ्याच आहेत.

पहिली तक्रार शाखेतली. तालुक्याच्या एका शाखेने सांगितलं, तुमचं गाव आमच्या सेवाक्षेत्रात येत नाही. दुसरीने अर्ज घेतला, पण सगळ्या बँका आणि पतसंस्थांचे थकबाकी नसल्याचे दाखले आणा म्हणाले. आण्णा आणि मी दोन दिवस मोटारसायकलवर फिरून सात दाखले गोळा केले. त्यातल्या एका पतसंस्थेत आमचं कधी खातंही नव्हतं, तिथेही शंभर रुपये भरून शिक्का घेतला. ते सात कागद, त्यावरचे जांभळे गोल शिक्के, मला अजून डोळ्यासमोर दिसतात. मग साहेबांनी सातबारा मागितला. मी म्हटलं, चार लाखांपर्यंत तारण लागत नाही ना? ते म्हणाले, लागत नाही, पण फाइलला असू द्या. आणि शेवटी, मंजुरीच्या दिवशी, एक विमा पॉलिसी पुढे केली, वर्षाला बारा हजार हप्त्याची. आण्णांनी सही केली. बाहेर आल्यावर मी रागावले तर म्हणाले, "बारा हजारासाठी चार लाख अडवून बसतीस व्हय? ॲडमिशनची तारीख परवा हाय."

ती पॉलिसी दोन वर्षांनी बंद पडली. चोवीस हजार गेले. आजही कुणी मला विचारलं की मी हे पहिलं सांगते: शैक्षणिक कर्जाला विमा पॉलिसीची सक्ती योजनेत नाही. तुम्हाला घ्यायची असेल तर घ्या, पण मंजुरीच्या टेबलावर घेऊ नका. २०१५ च्या १५ ऑगस्टला विद्यालक्ष्मी पोर्टल सुरू झालं. आता अर्ज ऑनलाइन करता येतो, अर्ज केल्याची नोंद राहते आणि नकार द्यायचा तर शाखेला कारण लिहावं लागतं. आमच्या वेळी हे नव्हतं. तोंडी नकाराला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला. व्याज.

मला चार हप्त्यांत पैसे मिळाले: पहिल्या वर्षी १ लाख ५ हजार, दुसऱ्या वर्षी ९५ हजार, मग एकेक लाख. दर साडेबारा टक्के, मुलींची अर्धा टक्का सवलत धरून. "शिकत असताना काही भरायचं नाही" हे वाक्य शाखेत, कॉलेजच्या ॲडमिशनच्या खोलीत आणि आमच्या घरात इतक्या वेळा बोललं गेलं की आम्ही सगळ्यांनी त्याचा अर्थ "शिकत असताना काही चढत नाही" असा घेतला. चढत होतं. सरळ व्याजाने, पण पहिल्या दिवसापासून.

२०१७ च्या जूनमध्ये बँकेचं पत्र आलं. मी तेव्हा मोशीत कॉट बेसिसवर राहत होते, पत्र गावी गेलं आणि धाकट्या भावाने फोटो काढून पाठवला. येणे बाकी: ५ लाख ६४ हजार. मला आधी वाटलं की दुसऱ्या कुणाचं पत्र आलंय. मग मेसवरून परत येऊन वहीत मांडलं. पहिल्या वर्षाच्या १ लाख ५ हजारांवर जवळजवळ पाच वर्षांचं व्याज, दुसऱ्या रकमेवर चार वर्षांचं, असं करत १ लाख ६४ हजार बरोबर येत होते. बँकेने काहीही चुकीचं केलं नव्हतं. दर तोवर साडेअकरा टक्क्यांवर आला होता. हप्ता ७,९३० रुपये, दहा वर्षं.

त्या रात्री मी जे मांडलं त्यातलं सगळ्यात जास्त टोचलेलं सांगते. पहिल्या वर्षीच्या रकमेचं व्याज महिन्याला अकराशे रुपयांच्या आत होतं. आमच्या घरी डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी यायचं. त्यातलं महिन्याचं एक बिल बँकेत भरलं असतं तर पहिली दोन वर्षं व्याज चढलंच नसतं. शिवाय शिकत असताना व्याज भरत गेलं तर दरात एक टक्का सवलत देण्याची तरतूद त्याच योजनेत आहे. आण्णा द्राक्षाच्या औषधांची उधारीसुद्धा ठेवत नाहीत. त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी भरलं असतं. सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

याहून मोठं नुकसान मला २०१९ ला कळलं. केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना २००९-१० पासून आहे. घरचं वर्षाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर शिक्षणाचा काळ आणि पुढची सवलतीची मुदत यांचं पूर्ण व्याज सरकार भरतं. आमचं उत्पन्न एक लाख वीस हजार. म्हणजे ते १ लाख ६४ हजार मला द्यावेच लागले नसते. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला शाखेत द्यायचा होता आणि शाखेने वरच्या बँकेकडे मागणी नोंदवायची होती. दाखला आमच्याकडे होता. तो मी ईबीसीसाठी कॉलेजात दिला, शाखेत दिला नाही, कारण शाखेने मागितला नाही. सातबारा मागितला, पतसंस्थांचे शिक्के मागितले, हा एक कागद मागितला नाही. २०१९ ला मी शाखेत गेले तेव्हा साहेब बदललेले होते. नवीन साहेबांनी खुर्ची दिली, कॉम्प्युटरवर बघितलं आणि सांगितलं, "ताई, त्या वर्षांचे क्लेम आता घेत नाहीत." मी जिना उतरून खाली आले आणि बँकेच्या पायरीवर बसून राहिले. अनुदान मिळालं असतं तर मला चार लाखांचा हप्ता पडला असता, ५,६२४ रुपये. महिन्याला तेवीसशे रुपयांचा फरक. आणि त्या काळात तेवीसशे रुपये म्हणजे माझी मेस होती.

कर्जाची बाजू झाली. पगाराची बाजू अशी.

कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स होता. त्यावर सहा मुलांचे फोटो आणि खाली साडेचार लाखांचं पॅकेज. आमच्या वर्गात साठ जण होते. ज्या सहांचे फोटो होते ते तीन वर्षांतले होते हे आम्हाला शेवटच्या वर्षी कळलं. मोठ्या आयटी कंपन्या आल्या, तेव्हा फ्रेशरला साधारण सव्वातीन ते साडेतीन लाख देत होत्या. मी ॲप्टिट्यूडला बाहेर पडले. जुलै २०१६ ते डिसेंबर २०१६ मी भोसरी आणि चाकणच्या कंपन्यांच्या गेटवर बायोडेटा देत फिरले. "मेकॅनिकलला मुलगी, शॉपफ्लोअरवर कशी उभी राहणार" हे वाक्य मी अनेकदा ऐकलं. जानेवारी २०१७ ला चाकणमध्ये वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला ट्रेनी म्हणून लागले.

ऑफर लेटरवर सीटीसी, म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, होता २ लाख ५ हजार. पहिली पगाराची स्लिप मी अजून ठेवली आहे, कारण कर्ज काढणाऱ्या प्रत्येक घराने अशी एक स्लिप बघायला हवी. ढोबळ पगार १५,०००. त्यातून पीएफ १,०२०, ईएसआयसी २६३, व्यवसाय कर २००, बस आणि कँटीन ५००. हातात १३,०१७. मग २ लाख ५ हजार कुठले? कंपनी भरते तो पीएफ, कंपनीचा ईएसआयसी, ग्रॅच्युइटी, सगळं त्यात धरलेलं. हे पैसे खोटे नाहीत, पण त्यातून हप्ता भरता येत नाही. हप्ता १३,०१७ मधून जातो.

जुलै २०१७ पासून १३,०१७ वजा ७,९३० म्हणजे ५,०८७. कॉटचं भाडं दोन हजार, मेस बावीसशे. उरले ८८७ रुपये. फोन, साबण, गावी जायचं एसटीचं तिकीट, सगळं त्यात. स्वारगेटहून तासगावला मी त्या वर्षी दिवाळीला आणि संक्रांतीला अशी दोनदाच गेले. पहिल्या हप्त्यातले ५,४०५ रुपये व्याजात गेले आणि २,५२५ मुद्दलात. फेब्रुवारी २०२० पर्यंत मी बत्तीस हप्ते भरले, एकही चुकवला नाही. भरलेले पैसे २ लाख ५३ हजार ७६०. कर्ज उतरलं ९४ हजारांनी.

पण खरं नुकसान आकड्यात दिसत नाही, ते इथे सांगते. २०१८ ला आमच्याच कंपनीला सीएमएम मशीन पुरवणाऱ्या लोकांनी सहा महिन्यांचं ट्रेनिंग सुरू केलं होतं. सीएमएम म्हणजे सुट्या भागाची मापं मायक्रॉनमध्ये तपासणारं मशीन. ते चालवणाऱ्याला आणि त्याचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तेव्हाही चांगला पगार होता. ट्रेनिंगच्या काळात मिळणार होते सात हजार. माझा हप्ता ७,९३०. मी नाही म्हटलं. माझ्याबरोबरची एक मुलगी गेली, तिच्या घरी कर्ज नव्हतं, ती २०१९ ला तीस हजारांवर होती. मी तेच काम रात्रपाळीत एका सीनियर दादांच्या मागे उभी राहून शिकले, त्याला तीन वर्षं लागली. त्या दादांचे उपकार मी विसरणार नाही. पण तीन वर्षं ती तीन वर्षंच. पगार कमी आणि हप्ता मोठा असला की माणूस आहे त्या खुर्चीला धरून बसतो, आणि वाढायचं वय तेच असतं.

कोविडमध्ये एप्रिल-मे २०२० ला पगार अर्धा झाला. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट सहा महिने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, मी घेतली. घ्यावीच लागली. सहा महिन्यांनी कर्ज साडेसत्तावीस हजारांनी वाढलं होतं. नोव्हेंबर २०२० ला सरकारने व्याजावरच्या व्याजाची परतफेड केली. माझ्या खात्यात साडेसहाशे रुपये आले.

त्यानंतर मात्र दिवस बदलले. २०२१ ला दुसऱ्या कंपनीत सीएमएम प्रोग्रॅमिंगचं काम मिळालं, हातात ३४ हजार. तिथल्या अकाउंट्समधल्या ताईंनी माझं स्टेटमेंट बघून विचारलं, "तुझा दर अजून साडेअकरा कसा?" ऑक्टोबर २०१९ पासून रिझर्व्ह बँकेने नवीन बदलत्या दराची किरकोळ कर्जं बाहेरच्या दराशी जोडायला लावली होती, बहुतेक बँकांनी ती रेपोशी, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्या दराशी, जोडली. रेपो मे २०२० पासून चार टक्क्यांवर होता. जुनी कर्जं मात्र आपोआप तिकडे गेली नाहीत, अर्ज करावा लागतो. मी एक अर्ज केला, थोडी फी भरली आणि दर सव्वानऊवर आला. मे २०२२ नंतर रेपो अडीच टक्क्यांनी चढला तेव्हा दरही चढला, पण तोवर मी महिन्याला पंधरा हजार भरत होते. मुदतीआधी भरायला दंड नव्हता, ही या कर्जाची फार चांगली बाजू. २०२२ ला बेदाण्याला बरा भाव लागला तेव्हा आण्णांनी न विचारता साठ हजार रुपये खात्यात भरले आणि फक्त पावतीचा फोटो पाठवला. मार्च २०२४ ला शेवटचे सहा हजार चारशे भरले आणि संपलं. एकूण ८ लाख ६५ हजार.

प्राप्तिकराच्या ८०-ई कलमाबद्दल लोक फार कौतुकाने बोलतात. शैक्षणिक कर्जाचं व्याज आठ वर्षं उत्पन्नातून पूर्ण वजा होतं, खरं आहे. पण ज्या वर्षांत माझं व्याज सगळ्यात जास्त होतं त्या वर्षांत माझं उत्पन्न कर लागण्याइतकं नव्हतं. उत्पन्न वाढलं तेव्हा व्याज थोडं राहिलं होतं. नव्या करप्रणालीत तर ही वजावट मिळतच नाही. हप्त्याचा हिशोब करताना हे जमेला धरू नका.

आता ज्या तुलनेसाठी मला सगळे विचारतात ती. माझ्या चुलतभावाने २०१२ ला सरकारी आयटीआयमधून फिटर केलं, वर्षभर अप्रेंटिस, आणि २०१३ ला नऊ हजारांवर लागला. मी जानेवारी २०१७ ला १३ हजारांवर लागले तेव्हा तो साडेसोळा हजार घेत होता. पगारात मी त्याला २०१९ ला मागे टाकलं. पण गेल्या दिवाळीला आम्ही दोघं ओट्यावर वही घेऊन बसलो आणि दोघांच्या हातात आलेला पगार वर्षावर्षाने मांडला. २०२३ च्या अखेरपर्यंत त्याचे साधारण २३ लाख, माझेही साधारण साडेतेवीस. माझ्यातून कर्जाचे ८ लाख ६५ हजार वजा. म्हणजे इंजिनिअर झालेली मी त्याच्या आठ-साडेआठ लाख मागे. आता माझा पगार त्याच्या दुप्पट आहे, त्यामुळे २०२६ च्या मध्यावर आम्ही बरोबरीला येऊ. २०१२ ला निघालेली मी चौदा वर्षांनी बरोबरीला. पुढची पंचवीस वर्षं मी पुढे असेन हेही खरं. तो म्हणाला, "मधल्या काळात मी घर बांधलं, आक्के." बांधलंय, दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी.

ही वही मी मुलांना दाखवते. मुलगा असेल, हाताने काम करायची आवड असेल, आणि ज्या कॉलेजात नंबर लागतोय तिथल्या मागच्या बॅचचा मधला मुलगा, पहिला नव्हे, पंधरा हजारांवर लागला असेल, तर कर्ज काढून तिथे जाऊ नका. आयटीआय करा आणि कमवा, नाहीतर डिप्लोमा करा, कमवा, आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला या. हे माझं ठाम मत आहे.

मुलींना मात्र मी हे सांगत नाही. माझी तुलना चुलतभावाशी होतच नाही. मला कुणी आयटीआयला पाठवणार नव्हतं. २०१२ च्या जूनमध्ये माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं, विट्याचं, मुलगा चांगला होता, आजीला पसंत होता. एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला हे कर्ज, एवढेच दोन पर्याय आमच्या घरात होते. आण्णांनी सात शिक्के गोळा केले ते म्हणूनच. त्या अर्थाने मी दिलेले ८ लाख ६५ हजार मला एक दिवसही जास्त वाटलेले नाहीत. १ लाख ६४ हजार वाटतात, कारण ते द्यायचे नव्हते.

म्हणून माझा अभिप्राय असा. कर्ज म्हणून पाचपैकी चार. कर्ज देणाऱ्या शाखेला पाचपैकी एक, तोही नवीन साहेबांनी खुर्ची देऊन खरं सांगितलं त्याचा. आणि किती कर्ज काढावं याला माझं एकच माप आहे. हप्ता सुरू होईल त्या दिवशी, चढलेल्या व्याजासकट, जी रक्कम असेल ती पहिल्या वर्षी हातात येणाऱ्या पगाराएवढी असावी, फार तर दीडपट. माझी साडेतीनपटीहून जास्त होती. हातात येणारा पगार कळायचा असेल तर कॉलेजला विचारू नका. दोन वर्षांपूर्वी पास झालेल्या चार मुलांना गाठा, त्यातला एक तरी कॅम्पसमध्ये न लागलेला असू द्या, आणि स्लिप बघायला मागा. पोरं दाखवतात. मी तर स्वतःहून दाखवते.

मुलींसाठी आता परिस्थिती खूप बदलली आहे आणि ही गोष्ट अजून गावात पोचलेली नाही. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिकवणी शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. विकास शुल्क, वसतिगृह, मेस एवढंच राहतं. नोव्हेंबर २०२४ ला केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली, तिच्यात तारण नाही आणि जामीनदार नाही, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या मुदतीत तीन टक्के व्याज सवलत आहे. पण ती निवडक संस्थांनाच आहे, सुरुवातीच्या यादीत देशभरात ८६० होत्या. आपलं कॉलेज यादीत आहे का ते आधी बघा. जुनी साडेचार लाखांची व्याज अनुदान योजनाही चालू आहे, मात्र २०१८ पासून नॅक (कॉलेजचा दर्जा तपासणारी संस्था) किंवा एनबीए (अभ्यासक्रमाचा दर्जा तपासणारी संस्था) मानांकनाची अट आहे. कॉलेजच्या बोर्डावर "मानांकित" लिहिलेलं पुरत नाही, कॉलेजला नॅकचं किंवा तुमच्या अभ्यासक्रमाला एनबीएचं मानांकन आहे का ते विचारा.

या वर्षी काकांच्या धाकटीला सांगलीजवळ इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश मिळाला. फी माफ. वसतिगृह आणि बाकीच्या खर्चासाठी चार वर्षांचं मिळून १ लाख ४० हजारांचं कर्ज केलं. ऑगस्टमध्ये मी रजा काढून तिच्याबरोबर शाखेत गेले, तीच शाखा, तोच जिना. टेबलावरच्या मुलाला मी सगळ्यात आधी तहसीलदारांचा दाखला आणि व्याज अनुदानाचा अर्ज दिला आणि पोच मागितली. तो म्हणाला, "मॅडम, पोच कशाला, लावून टाकतो की." मी म्हटलं, तुम्ही लावालच, पण मला शिक्का द्या. त्याने दिला. गोल, जांभळा, तारखेसकट. तो कागद धाकटीच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावलाय, आणि दर तीन महिन्यांनी शाखेत फोन करायची आठवण मी माझ्या मोबाइलमध्ये लावून ठेवली आहे. पहिला फोन नोव्हेंबरमध्ये केला. क्लेम नोंदवलाय म्हणाले. नंबर मागून घेतला.